पुरलेल्या रसायनांचा माग

यंत्रांच्या सुट्या भागांवरचे ग्रीस धुऊन काढण्यासाठी कारखान्यांत वर्षानुवर्षे ट्रायक्लोरोएथिलीन वापरले गेले. रंगहीन, गोडसर वासाचे हे द्रव पाण्यापेक्षा जड असते; एका लिटरचे वजन दीड किलोच्या आसपास भरते. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले पाच. हिशेब मांडला तर एक लिटर ट्रायक्लोरोएथिलीन जवळजवळ २९ कोटी लिटर पाणी या मर्यादेपर्यंत नासवू शकते. आपल्याकडे शहरात माणशी रोजचे १३५ लिटर पाणी धरतात. त्या मापाने हा एकवीस लाख वस्तीच्या शहराचा एका दिवसाचा पाणीपुरवठा झाला. आणि असली द्रवे कारखान्यांमागच्या खड्ड्यांत लिटरने नव्हे, पिंपांनी ओतली गेली.

ओतणाऱ्यांना वाटले, जमिनीत गेले की संपले. ते कसे संपत नाही, त्याचा माग कसा काढतात आणि माग लागल्यावर नेमके काय करता येते, हे समजून घ्यायला अमेरिकेतल्या लव्ह कॅनॉलइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. तिथे झालेली प्रत्येक चूक, प्रत्येक तपासणी आणि दुरुस्तीचा प्रत्येक टप्पा कागदोपत्री नोंदलेला आहे.

नायगारा नदी धबधब्यावरून खाली कोसळते. या उंचीचा फायदा घेऊन वीज निर्माण करायची आणि तिच्या जोरावर एक आदर्श औद्योगिक नगर वसवायचे, अशी कल्पना विल्यम लव्ह या उद्योजकाने १८९० च्या दशकात मांडली. नदीच्या वरच्या आणि खालच्या भागाला जोडणारा कालवा खणायला सुरुवातही झाली. पण १८९३ च्या आर्थिक मंदीत पैसा आटला. शिवाय वीज तारांतून लांबवर नेता येऊ लागली, त्यामुळे कारखाने धबधब्याला खेटून असण्याची गरजच उरली नाही. मागे राहिला साधारण एक किलोमीटर लांबीचा खंदक, तोच लव्ह कॅनॉल. आसपासची मुले उन्हाळ्यात त्यात पोहत आणि हिवाळ्यात बर्फावर घसरत.

१९४२ पासून हूकर केमिकल कंपनीने हा खंदक आपल्या कचऱ्यासाठी वापरायला घेतला. १९५३ पर्यंत त्यात सुमारे २१,८०० टन रासायनिक कचरा पडला. कीटकनाशकांच्या उत्पादनातला उरलेला चोथा होता, क्लोरोबेंझिनसारखी क्लोरीनयुक्त द्रवे होती, ट्रायक्लोरोफिनॉल बनवताना उरलेला गाळ होता आणि त्या गाळात डायॉक्सिन हे अतिशय विषारी, चिवट रसायन होते. काही कचरा धातूच्या पिंपांत होता, काही तसाच ओतलेला. एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगायला हवी. त्या काळच्या समजुतीप्रमाणे ही जागा वाईट निवडलेली नव्हती. खंदकाच्या तळाशी आणि बाजूंना चिकणमाती होती, आणि चिकणमातीतून पाणी फार हळू झिरपते. खंदक भरल्यावर वरूनही मातीचे झाकण घातले गेले.

१९५३ च्या एप्रिलमध्ये कंपनीने ही जमीन नायगारा फॉल्स शहराच्या शिक्षण मंडळाला एका डॉलरला दिली. खरेदीखतात एक कलम होते: या जागेत रसायनांच्या उत्पादनातून निघालेला कचरा भरलेला आहे याची कल्पना घेणाऱ्याला दिलेली आहे आणि पुढे त्यापासून काही इजा झाली तर जबाबदारी घेणाऱ्याची. मंडळाने तिथे शाळा बांधली. बांधकाम करताना रसायनांचे खड्डे लागले तेव्हा इमारत थोडी बाजूला सरकवली, एवढेच. पुढे खंदकावरून रस्ते गेले, रस्त्यांखालून गटारांचे नळ गेले आणि दोन्ही बाजूंना घरांच्या रांगा उभ्या राहिल्या.

लव्ह कॅनॉलची कथा बहुतेक वेळा इथे खलनायकाच्या शोधाकडे वळते. मला त्या खरेदीखतातल्या कलमापाशी थांबावेसे वाटते. घरे खंदकावर नव्हती, त्याच्या कडेला होती. त्या जमिनी बहुतांशी हूकरच्या कधी नव्हत्याच. मग ते कलम तिथल्या घरमालकांच्या कागदांवर येणार कसे? कागदावरची सूचना प्लॉटच्या हद्दीपाशी संपली. जमिनीखालच्या पाण्याला ती हद्द माहीत नव्हती. जुन्या कचरा डेपोंचा तपास म्हणजे ही दुसरी, पाण्याने आखलेली हद्द शोधून काढणे, असे मी समजतो.

तिथे जमिनीखाली घडले ते असे. चिकणमातीच्या वर जेमतेम एक-दोन मीटरचा बारीक वाळूचा आणि पोयट्याचा थर होता. शाळेच्या आणि रस्त्यांच्या कामात मातीच्या झाकणाला भगदाडे पडली. त्यातून पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी खंदकात उतरू लागले. तळाची चिकणमाती त्याला खाली जाऊ देईना. भोक नसलेल्या हौदासारखा खंदक भरत गेला आणि काठोकाठ झाल्यावर बाजूच्या वाळूच्या थरातून वाहू लागला. म्हणजे ज्या गुणासाठी ही जागा निवडली होती, त्या गुणानेच पाणी घरांकडे वळवले. तिकडच्या घरांना तळघरे असतात आणि तळघराच्या कोपऱ्यात, साचणारे पाणी उपसायला एक खड्डा आणि पंप असतो. सत्तरीच्या दशकात पाऊस-बर्फाचे प्रमाण वाढले तसा त्या खड्ड्यांत काळसर, तेलकट, उग्र वासाचा द्रव येऊ लागला. अंगणात जमीन खचून गंजलेली पिंपे वर आली. शाळेच्या मैदानात मुलांना काही खडे सापडत. फरशीवर आपटले की ते फटाक्यासारखे वाजत आणि पेटत. अशा ठिकाणी खेळताना मुलांना भाजल्याच्या तक्रारी १९५८ मध्येच आल्या होत्या.

अशा जागेचा तपास फावड्याने सुरू होत नाही. तो कागदांपासून सुरू होतो. कोणता कारखाना कोणत्या वर्षी काय बनवत होता, त्यातून काय उरत होते, ट्रक कुठे जात होते हे आधी शोधतात. जुने नकाशे, परवाने, निवृत्त कामगारांच्या आठवणी, सगळे गोळा करतात. विमानातून घेतलेली जुनी छायाचित्रे यात फार मोलाची ठरतात, कारण १९४० सालच्या फोटोत दिसणारा ओढा आज बागेखाली गाडलेला असतो. ओढा भरून टाकला तरी त्याची वाट सहसा भुसभुशीत राहते आणि पाणी तीच वाट धरते.

मग बोअर. माती थराथराने काढून पाहायची, वास, रंग, ओल नोंदवायची, आणि निवडक ठिकाणी निरीक्षण विहिरी बसवायच्या. आपल्या डोळ्यांसमोर येते तशी ही विहीर नसते. दोन इंच व्यासाचा प्लॅस्टिकचा पाइप, खालच्या भागाला बारीक चिरा, चिरांभोवती स्वच्छ वाळू आणि तिच्या वर बेंटोनाइटचा बूच. बेंटोनाइट ही ओली झाली की फुगणारी माती आहे. वरचे पाणी पाइपाच्या कडेने खाली घुसू नये म्हणून ती घालतात. तीन विहिरींतल्या पाण्याच्या पातळ्या मोजल्या की भूजल कुठल्या दिशेला वाहते ते काढता येते. तीनपेक्षा कमी विहिरींवर दिशा सांगणारा अहवाल हातात आला तर तो बाजूला ठेवावा.

नमुना घेण्याचे काम बघण्यासारखे असते. विहिरीत साचून राहिलेले पाणी आधी सावकाश उपसतात. तापमान, आम्लता आणि विद्युतवाहकता यांचे आकडे स्थिर झाले की आता थरातले ताजे पाणी येते आहे असे समजतात. मग ४० मिलिलिटरची काचेची छोटी बाटली घेतात. तिच्यात आधीच हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब असतात, म्हणजे वाटेत जिवाणू रसायन खाऊन टाकणार नाहीत. बाटली इतकी भरायची की पाणी काठाच्या वर फुगून उभे राहिले पाहिजे. झाकण लावून ती उलटी करायची, बोटाने टिचकी मारायची आणि उजेडात धरून बघायचे. आत मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी फेकायची आणि दुसरी भरायची. कारण ट्रायक्लोरोएथिलीनसारखी द्रवे पाणी सोडून त्या बुडबुड्यातल्या हवेत जातात आणि प्रयोगशाळेचा आकडा खोटाच कमी येतो. बर्फाच्या पेटीत या बाटल्यांबरोबर शुद्ध पाण्याची एक बाटलीही प्रवास करते. तिच्यात काही सापडले तर दोष विहिरीचा नाही, वाटेतला आहे. पेटी ज्या ज्या हातांतून जाते त्या प्रत्येकाची सही आणि वेळ कागदावर घेतात, कारण हा आकडा पुढे न्यायालयात उभा राहायचा असतो.

एवढे करूनही फसायला होते, आणि त्याचे कारण पुन्हा त्या द्रवांच्या जडपणात आहे. पेट्रोल गळले तर ते पाण्यावर तरंगते, एका थरात सापडते. क्लोरीनयुक्त जड द्रवे भूजलातून खाली बुडतात, चिकणमातीच्या थरापर्यंत पोचतात आणि त्या थराच्या उतारावरून घरंगळतात. हा उतार भूजलाच्या प्रवाहाच्या अगदी उलट दिशेला असू शकतो. एखाद्या खोलगट जागी ती डबके करून बसतात आणि तिथून वर्षानुवर्षे थोडी थोडी पाण्यात विरघळत राहतात. ते डबके दोन विहिरींच्या मधोमध असले तर दोन्ही विहिरी निर्मळ पाणी दाखवतील. शोधण्याच्या हट्टाने चिकणमातीच्या आरपार बोअर मारला तर आपणच विषाला खाली उतरायला भोक पाडून देतो. म्हणून एखाद्या अहवालात ‘आढळले नाही’ असे लिहिलेले असते तेव्हा कुठे, किती खोल आणि किती बारीक मोजमापाने शोधले, हे विचारल्याशिवाय त्या शब्दांवर विसंबू नये.

लव्ह कॅनॉलमध्ये तपासाची सर्वात वादग्रस्त सामग्री प्रयोगशाळेतून आली नाही. नायगारा गॅझेट या स्थानिक दैनिकाने १९७६ पासून विषय लावून धरला होता. लोइस गिब्ज या रहिवासी बाईंचा मुलगा त्या शाळेत जात होता. शाळा बंद करा म्हणून त्या दारोदार सह्या घेत फिरू लागल्या आणि दार उघडणारी प्रत्येक बाई आपल्या घरातले आजार सांगू लागली. गिब्जनी ते वस्तीच्या नकाशावर खुणा करून मांडले. खुणा सगळीकडे सारख्या पसरलेल्या नव्हत्या. काही घरे खंदकापासून दूर असूनही तिथे गर्दी होती. जुन्या रहिवाशांनी सांगितले, इथून पूर्वी ओघळी जात होत्या, घरे बांधताना त्या बुजवल्या. कर्करोग संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञ बेव्हर्ली पेगन यांनी ही माहिती पद्धतशीर तपासली. भरलेल्या ओघळींवर बांधलेल्या ‘ओल्या’ घरांत गर्भपात आणि जन्मजात व्यंगे ‘कोरड्या’ घरांपेक्षा जास्त आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

सरकारी आरोग्य खात्याने तो सहजी मानला नाही. पुढे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८० मध्ये हवा, माती आणि पाण्याचे हजारो नमुने घेतले. १९८२ च्या अहवालात रसायने मुख्यतः खंदकाला लागून असलेल्या पहिल्या रांगेतल्या घरांपुरती आणि गटारे व ओढ्यांपुरती आहेत असे म्हटले. त्या अहवालाच्या पद्धतीवरही नंतर तज्ज्ञांनी बोट ठेवले. दरम्यान १९८० च्या मे महिन्यात ३६ रहिवाशांच्या रक्ताची गुणसूत्र तपासणी जाहीर झाली. त्यातल्या ११ जणांत दोष सापडले म्हणून हाहाकार उडाला. पण तुलनेसाठी दुसऱ्या वस्तीतला गटच घेतलेला नव्हता, त्यामुळे त्या ११ या आकड्याचा अर्थ लावणे अवघड होते. मला इथे दोन्ही बाजूंचा राग येत नाही. काही शे घरांच्या वस्तीत एखाद्या दुर्मीळ आजाराच्या चार घटना जास्त झाल्या, तर तो योगायोग की कारण, हे संख्याशास्त्राला ठामपणे सांगता येत नाही. राग येतो तो याचा, की हा अनिश्चिततेचा भार नेहमी रहिवाशांनी वाहायचा असे गृहीत धरले जाते. सिद्ध होईपर्यंत तुम्ही तिथेच राहा, हाही एक प्रकारचा प्रयोगच झाला, आणि त्याला कोणाची संमती घेतलेली नसते.

२ ऑगस्ट १९७८ रोजी न्यूयॉर्क राज्याचे आरोग्य आयुक्त रॉबर्ट व्हेलन यांनी आणीबाणी जाहीर केली. शाळा बंद करा, तळघरांत जाऊ नका, परसातली भाजी खाऊ नका, आणि गरोदर स्त्रिया व दोन वर्षांखालच्या मुलांनी वस्ती सोडावी. ज्या आईचे मूल दोन वर्षांहून थोडे मोठे असेल तिने काय करायचे, हा प्रश्न लोकांनी विचारला. ७ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी केंद्रीय आणीबाणी घोषित केली आणि खंदकालगतची २३९ कुटुंबे हलवली गेली. उरलेल्यांना आणखी पावणेदोन वर्षे झगडावे लागले. १९८० मध्ये आणखी सुमारे ७०० कुटुंबांना घरे सोडण्याची मुभा आणि मदत मिळाली. त्याच वर्षी ११ डिसेंबरला कार्टर यांनी दूषित जागांच्या सफाईच्या ज्या कायद्यावर सही केली, तो ‘सुपरफंड’ म्हणून ओळखला जातो.

आता साफसफाई. ‘साफ केले’ हा शब्द ऐकून कचरा उचलून नेला असे कोणालाही वाटेल. लव्ह कॅनॉलमध्ये तो उचललेला नाही. २१,८०० टनांपैकी बहुतेक सगळे आजही तिथेच आहे.

केले ते असे. खंदकाला समांतर, त्याच्या दोन्ही बाजूंना खोल चर खणून त्यांत छिद्रे असलेले नळ टाकले आणि भोवती खडी भरली. खंदकातून बाजूला झिरपणारे पाणी घरांच्या दिशेने जाण्याआधी या नळांत उतरते. वरून चिकणमातीचे नवे झाकण घातले. १९८० च्या दशकाच्या मध्याला ते ४० एकरांवर वाढवून त्यात जाड प्लॅस्टिकचा पडदा अंथरला, म्हणजे पाऊस आत जाणार नाही. नळांतले पाणी पंपाने जागेवरच्याच शुद्धीकरण केंद्रात नेतात. तेथे आधी तेलकट जड द्रव खाली बसू देतात आणि पाणी सक्रिय कार्बनच्या टाक्यांतून गाळतात. कार्बनच्या दाण्यांना आतून असंख्य सूक्ष्म पोकळ्या असतात; क्लोरीनयुक्त रेणू त्यांत चिकटून बसतात. दाणे भरले की बदलावे लागतात. पहिल्या दोन रांगांतली घरे आणि शाळा पाडली. डायॉक्सिन गटारांतून ओढ्यांत पोचले होते, म्हणून मैलोगणती गटारे धुतली आणि ओढ्यांचा तळ खरवडून काढला.

१९८८ मध्ये राज्याने वस्तीचा काही भाग पुन्हा राहण्यायोग्य ठरवला. या ‘राहण्यायोग्य’चा अर्थ पाहण्यासारखा आहे. हा भाग सुरक्षित आहे असे कोणी म्हटले नाही. शहराच्या आसपासच्या तशाच इतर वस्त्यांच्या तुलनेत इथले प्रदूषण जास्त नाही, एवढेच म्हटले. दुरुस्त केलेली घरे विकली गेली, वस्तीला नवे नाव मिळाले. २००४ मध्ये जागा सुपरफंडच्या राष्ट्रीय प्राधान्य यादीतून वगळली. जागा यादीत आल्याला तोवर एकवीस वर्षे झाली होती आणि जवळजवळ ४० कोटी डॉलर खर्च झाले होते. यादीतून नाव गेले, पंप मात्र चालूच आहेत. कचरा जागेवर ठेवलेल्या प्रत्येक जागेचा दर पाच वर्षांनी आढावा घ्यायचा, अशी सुपरफंडची अट आहे.

ही पद्धत चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. जिथे कचरा प्रचंड आहे, भोवती वस्ती आहे आणि उकरल्याने वाफा सुटतील, तिथे कोंडून ठेवणे शहाणपणाचे असू शकते. पण ती पहाऱ्याची पद्धत आहे आणि पहारा किती वर्षे, याचे उत्तर डायॉक्सिनच्या बाबतीत ‘ठाऊक असलेल्या कुठल्याही सरकारच्या आयुष्याहून जास्त’ असेच द्यावे लागते.

स्वित्झर्लंडने वेगळा विचार केला. आरगाऊ परगण्यात कोलिकन नावाचे गाव आहे. तिथे मातीच्या जुन्या खाणीत १९७८ मध्ये घातक कचऱ्याचा डेपो सुरू झाला. चालक होते दोन परगणे, झुरिक शहर आणि बासेलचे रसायन उद्योग. इथेही भरवसा चिकणमातीवर होता आणि तळाला अस्तर घातलेले नव्हते. दुर्गंधी आणि दूषित झिरप यांना कंटाळून १९८५ मध्ये गावाने डेपो बंद करायला लावला. तोपर्यंत त्यात सुमारे तीन लाख घनमीटर कचरा भरला गेला होता. आधी काही वर्षे तिथेही भोवती गळती अडवणारे बांधकाम आणि शुद्धीकरण करून पाहिले. पण दूषित जागा एक-दोन पिढ्यांत अशा अवस्थेत आणायची की पुढच्यांना पहारा द्यावा लागू नये, असे स्विस धोरण आहे. त्यामुळे शेवटी सगळे उकरून काढायचे ठरले.

२००७ ते २०१५ हे काम चालले. उघड्यावर उकरणे शक्यच नव्हते. अख्ख्या डेपोवर प्रचंड मोठे शेड उभारले. त्याच्या पांढऱ्या कमानी महामार्गावरून दिसत. शेडमधला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी ठेवलेला असे, म्हणजे फट राहिलीच तरी हवा आत येईल, बाहेर जाणार नाही. आत खोदणाऱ्या यंत्रांच्या केबिनमध्ये उलट: तिथे दाब जास्त आणि हवा गाळून घेतलेली. कचरा फावड्यागणिक तपासून, वर्गवारी करून, बंद डब्यांतून भट्ट्यांकडे आणि प्रक्रिया केंद्रांकडे रवाना होई. २००८ मध्ये मॅग्नेशियमयुक्त कचऱ्याने पेट घेतला आणि काम महिनोनमहिने थांबवावे लागले. बासेलच्याच रसायन कंपन्यांच्या बोंफोल येथील दुसऱ्या डेपोत २०१० च्या जुलैमध्ये उकरताना स्फोट झाला. कचऱ्यात काय आहे याची नोंद धड नसली की असे होते. कोलिकनमध्ये कचरा संपल्यावर खालचा दूषित खडकही काही ठिकाणी काढावा लागला. एकूण खर्च सुमारे ९० कोटी फ्रँक.

पहारा आणि उकरणे यांच्या मध्येही काही वाटा आहेत. दूषित पाण्याच्या वाटेत लोखंडाच्या भुग्याची भिंत जमिनीत उभी करतात; पाणी तिच्यातून जाताना लोखंड क्लोरीनयुक्त रेणू मोडते. काही जिवाणू क्लोरीनचे अणू एकेक करून सुटे करतात, म्हणून जमिनीत त्यांना मानवणारे खाद्य, उदाहरणार्थ काकवी किंवा वनस्पती तेल, सोडतात. यात एक मेख आहे. ट्रायक्लोरोएथिलीन मोडत जाताना मधल्या टप्प्यावर व्हिनाइल क्लोराइड तयार होते आणि ते मूळ रसायनापेक्षा घातक, खात्रीने कर्करोगकारक आहे. ते पुढे निरुपद्रवी एथिलीनपर्यंत नेणारे ‘डिहॅलोकॉकॉइडीस’ या गटातले जिवाणू त्या मातीत नसतील, तर साफसफाई अर्ध्यावर अडकते आणि पाणी आधीपेक्षा वाईट होते. ‘निसर्गच करेल’ म्हणून सोडून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

शेवटी पैसा. सुपरफंडचे मूळ तत्त्व असे की ज्याने घाण केली त्याने भरावे, आणि तो सापडत नसेल तर तेल व रसायन उद्योगांवरच्या विशेष कराच्या निधीतून काम व्हावे. हूकर कंपनी १९६८ मध्ये ऑक्सिडेंटल पेट्रोलियमने विकत घेतली होती. ऑक्सिडेंटलने १९९४ मध्ये न्यूयॉर्क राज्याला ९.८ कोटी डॉलर आणि १९९५ मध्ये केंद्र सरकारला १२.९ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. पण त्याच १९९५ च्या अखेरीस तो विशेष कर संपला आणि अमेरिकी संसदेने तो पंचवीसहून अधिक वर्षे पुन्हा लावला नाही. बेवारस जागांचा बोजा त्या काळात बराचसा सर्वसामान्य करदात्यांवर गेला. रसायनांवरचा कर २०२२ मध्ये परत आला.

आपल्याकडे ‘घाण करणाऱ्याने भरावे’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ठामपणे लागू केले, ते राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावाच्या खटल्यात. रंग उद्योगाला लागणारे एच-ॲसिड बनवणाऱ्या कारखान्यांनी सुमारे २,४४० टन गाळ उघड्यावर टाकला होता. तो पावसाबरोबर जमिनीत उतरला आणि भोवतालच्या विहिरींचे पाणी गडद तांबूस होऊन पिण्याला आणि शेतीला निरुपयोगी झाले. हे सगळे फार थोड्या काळाच्या उत्पादनातून झाले. निकाल लागला, सफाईसाठी सुमारे ३७ कोटी रुपयांचा आकडा ठरला, आणि कंपनी अर्जांवर अर्ज करत राहिली. २०११ मध्ये न्यायालयाला ती रक्कम बारा टक्के चक्रवाढ व्याजासह भरा असा पुन्हा आदेश द्यावा लागला. या सगळ्या वर्षांत विहिरी गावकऱ्यांच्याच होत्या.

२०२५ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने द्यायची, राज्य प्रदूषण मंडळाने तपासणी करायची आणि सफाईचा खर्च दोषी ठरलेल्याकडून घ्यायचा, असा त्यांचा गाभा आहे. महाराष्ट्रात या नियमांखाली याद्या बनतील तेव्हा त्या गट नंबर आणि क्षेत्रफळ लिहून संपू नयेत. प्रत्येक जागेपुढे तिथले भूजल कोणत्या दिशेला वाहते, त्या दिशेला कोणाच्या विहिरी आणि बोअर आहेत, निरीक्षण विहिरी कुठे खणल्या आणि पुढचा नमुना कोणत्या तारखेला घेणार, हे लिहिलेले असावे. आणि ती नोंद जागेच्या मालकाच्याच नव्हे, उताराकडच्या प्रत्येक शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर चढावी.